दहा नॅनोसेकंदांची चढण

व्ही१ इन ० पल्स(० ५ ० १०एन १०एन ४९०एन १यू)

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेच्या दोन-चार ओळी देऊन रसग्रहण करायला सांगतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन रकाने डोक्यात धरून आपण सगळ्यांनी ते कधी ना कधी रेटलेलं असतं. मला त्यात कधी धड मार्क पडले नाहीत. पण वर जी ओळ दिली आहे तिच्याशी माझा गेली कित्येक वर्षं रोजचा संबंध आहे, आणि तिचं रसग्रहण पेपरात आलं असतं तर मला पुरवणी घ्यावी लागली असती.

ओळ स्पाइस या प्रोग्रॅमच्या भाषेतली आहे. सर्किट प्रत्यक्ष सोल्डर करण्याआधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं असेल, तर जगभर स्पाइस किंवा त्याचं एखादं भावंड वापरतात. मूळ ओळ रोमन लिपीत असते. इथे ती वाचताना कानावर पडते तशी लिहिली आहे. 'एन' म्हणजे नॅनो, सेकंदाचा अब्जावा भाग. 'यू' म्हणजे मायक्रो, सेकंदाचा दशलक्षांश. ग्रीक म्यू टंकायची सोय नव्हती म्हणून दिसायला त्याच्या जवळचं यू तिथे बसवलं आणि ते कायमचंच बसलं. ओळीचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: 'इन' नावाच्या टोकाला शून्य ते पाच व्होल्टची चौरस लाट द्या, सेकंदाला दहा लाख वेळा. पण कवितेचा अर्थ एका वाक्यात उरकणाऱ्याला आमच्या बाई अर्धा मार्क देत असत, आणि इथेही तेवढेच द्यावे लागतील. कारण त्या वाक्यात 'चौरस' शब्द आला आणि ओळीतली गंमत निसटली. ही ओळ चौरस काढत नाही. आयतही काढत नाही. ती काढते समलंब चौकोन, शाळेच्या भूमितीत शिकून विसरलेला. का काढते, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी तिचं कुळ थोडक्यात. १९७० च्या सुमाराला अमेरिकेत, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, रॉन रोहरर यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी सर्किट सोडवणारा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं कॅन्सर. आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव, आणि त्याच्या शेपटाचा अर्थ होता 'किरणोत्सर्ग वगळून'. त्या काळी असले बरेच प्रोग्रॅम किरणोत्सर्गात सर्किट टिकतं का हे बघण्यासाठी, लष्करी कामासाठी लिहिले जात. बर्कलेच्या मंडळींनी नावातच सांगून टाकलं की ते आम्ही करणार नाही. त्या वर्गातले लॉरेन्स नेगल पुढे डोनाल्ड पीडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत राहिले. १९७३ साली कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत स्पाइस जगासमोर आलं, १९७५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. सगळं फोरट्रानमध्ये. प्रोग्रॅम सर्वांना खुला असावा हा पीडरसन यांचा आग्रह, म्हणून तो गावोगाव पोचला. आज फुकट मिळणारं एलटीस्पाइस घ्या, मुक्त एनजीस्पाइस घ्या, किंवा त्याच एनजीस्पाइसवर उभं असलेलं आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम घ्या, वरची ओळ सगळीकडे चालते. पन्नास वर्षांत तिचा कानामात्रा बदललेला नाही.

जन्माच्या खुणाही अंगावर तशाच आहेत. एक ओळ म्हणजे एक छिद्रांकित कार्ड. कार्डांच्या गठ्ठ्याला डेक म्हणत, आणि कार्डं जाऊन जमाना झाला तरी फाइलला 'स्पाइस डेक' म्हणणारे जुने लोक अजून भेटतात. पहिलं कार्ड शीर्षकाचं. स्पाइस त्यावरचा मजकूर फक्त छापतं, सर्किटात धरत नाही. नवशिका मुलगा उत्साहाने पहिल्याच ओळीत व्ही१ लिहितो आणि मग सर्किट मेल्यासारखं का पडलंय म्हणून तासभर डोकं खाजवतो. लहान-मोठ्या लिपीचा भेद कार्डांना नव्हता, तो स्पाइसलाही नाही. त्यामुळे 'एम' म्हणजे मिली आणि मेगा हवा असेल तर 'मेग'. एक मेगोहमच्या जागी एक मिलिओहम लिहून बसलेले इंजिनिअर मी मोजू शकणार नाही. त्यात एकदा मीही होतो.

आता ओळ. 'व्ही१' मधल्या पहिल्या अक्षरावरून जात कळते: हा व्होल्टेजचा उगम. मग दोन टोकं, 'इन' आणि '०'. हे शून्य म्हणजे ग्राउंड, आणि ते प्रत्येक सर्किटात असावंच लागतं. पाच व्होल्ट, पण कुणापेक्षा पाच? याचं उत्तर ओळ लाटेबद्दल चकार शब्द काढण्याआधीच देऊन मोकळी होते. प्रत्यक्षात प्रोबची ग्राउंड क्लिप कुठेतरी लोंबकळत ठेवून स्कोपवर नाचणाऱ्या लाटेला नावं ठेवणारे आपण, आपल्याला ही शिस्त उशिरा लागते.

कंसात सात आकडे. पहिला तळ, दुसरा माथा. तिसरा विलंब, इथे शून्य. मग चढण, उतरण, माथ्यावरचा मुक्काम, आणि शेवटी पूर्ण आवर्तनाचा काळ. घाटातल्या वाटेचं वर्णन असावं तसा क्रम आहे. लक्षात घ्या, तळावर किती वेळ थांबायचं हे कुठेच सांगितलेलं नाही. आवर्तनातून चढण, मुक्काम आणि उतरण वजा केली की उरेल तेवढा वेळ लाट खाली राहते. तबलजीला काल वेगळा सांगावा लागत नाही, ठेका आणि सम ठरली की तो आपोआप येतो, तसं.

सातांपैकी बहुतेक आकडे कुणीही लिहिलं असतं तरी असेच आले असते. जीव आहे तो चौथ्या आणि पाचव्यात. १०एन, १०एन.

शून्यावरून पाच व्होल्टवर जायला लाटेला दहा नॅनोसेकंद लागतात, हे तिथे कबूल केलेलं आहे. पुस्तकातली स्क्वेअर वेव्ह अशी नसते. तिथे रेघ उभीच्या उभी वर जाते. एका क्षणी शून्य, त्याच क्षणी पाच. फळ्यावर खडूने काढायला ती सोपी, आणि गणितातही निमूट वागते. पण कपॅसिटरला विचारा. त्यातून वाहणारा करंट म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग. रेघ उभी असेल तर वेग अनंत, म्हणून करंटही अनंत. इथे पुस्तक गप्प बसतं. कॉम्प्युटरला गप्प बसता येत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका लहानशा ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर मी वरच्यासारखीच ओळ लिहिली होती, फक्त चढण आणि उतरण दोन्ही शून्य. खरी चौरस लाट हवी म्हणून. सिम्युलेशन चाललं, आलेख सुंदर आला. दुपारी अहवालात आकडे नीट छापून यावेत म्हणून छपाईचा टप्पा मी बराच आखूड केला आणि पुन्हा चालवलं. ॲम्प्लिफायरचं आउटपुट बदललं. सर्किटाला हात लावला नव्हता, इनपुटला हात लावला नव्हता, बदलला होता फक्त कागदावर किती दाट ठिपके हवेत तो आकडा. बर्कलेच्या घराण्यातल्या स्पाइसला चढणीच्या जागी शून्य दिलं की ते मुकाट्याने तिथे छपाईचा टप्पा घालतं, हे मला माहीत नव्हतं. शून्य वेळात काही घडू शकत नाही हे प्रोग्रॅमला ठाऊक होतं; त्याने आपल्या परीने जवळचा आकडा उचलला आणि मला सांगायची तसदी घेतली नाही. मी ज्याला चौरस लाट समजत होतो ती सकाळी एका चढणीची होती आणि दुपारी दुसऱ्या.

यावर मी शहाणपणाचा उपाय केला. शून्याच्या जागी एक पिकोसेकंद लिहिला. आता घाल म्हटलं हवं ते! इनपुटवर दहा पिकोफॅराडचा एक कपॅसिटर होता, स्कोपच्या प्रोबचा असतो तेवढा, नजरेत न भरणारा. त्यातला करंट बघून आमचे सिनिअर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"हे किती दाखवतंय रे?"

"पन्नास अँपियर, सर."

"अरे वा. मग दिवे मंद झाले असतील लॅबमधले."

हिशेब चोख होता. दहा पिकोफॅराड गुणिले पाच व्होल्ट भागिले एक पिकोसेकंद, बरोबर पन्नास अँपियर. सरांनी कीबोर्ड स्वतःकडे घेतला, एकच अक्षर बदललं आणि त्याच्यामागे एक शून्य वाढवलं: एक पीचं दहा एन. करंट पाच मिलिअँपियरवर आला. दहा हजार पट फरक, आणि सर्किट तेच. नंतर ते जे बोलले ते मी अजून नव्या मुलांना सांगतो: "लाट कुठून येणार आहे ते आधी बघ. त्या आयसीच्या डेटाशीटमध्ये राइज टाइम दिलेला असतो. तो लिही."

डेटाशीटमधला राइज टाइम जसाच्या तसा लिहिला तरी थोडं चुकतंच, हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. डेटाशीट आणि स्कोप दोघेही चढण मोजतात ती दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत, कारण पायथा आणि माथा नक्की कुठे सुरू होतो हे खऱ्या लाटेवर सांगता येत नाही. ओळीतली चढण मात्र शून्यापासून शंभरापर्यंतची. सरळ रेषेच्या चढणीत दहा ते नव्वद म्हणजे एकूण वेळेचा आठ दशांश. स्कोपवर आठ नॅनोसेकंद दिसले तर ओळीत दहा लिहायचे. वरच्या ओळीतल्या १०एनचा उगम असा एका मोजलेल्या आठात आहे.

पुढचा आकडा ४९०एन. हा मला ओळीतला सगळ्यात देखणा आकडा वाटतो. घाईत कुणीही ५००एन लिहिलं असतं. आवर्तन एक मायक्रोसेकंदाचं, अर्धा वेळ वर, अर्धा खाली, सोपं. पण मुक्काम मोजला जातो तो फक्त सपाट माथ्यावरचा, चढण-उतरण सोडून. लाट अर्ध्या उंचीच्या वर किती वेळ असते हे बघायचं तर मुक्कामात अर्धी चढण आणि अर्धी उतरण मिळवावी लागते. ४९० अधिक ५ अधिक ५, बरोबर ५००. ज्याने ४९० लिहिलं त्याने मनात ही बेरीज केलेली आहे. ५०० लिहिलं असतं तर लाट ५१ टक्के वेळ वर राहिली असती.

एक टक्का, त्याचं काय एवढं? त्याचं असं, की बरोबर अर्धी-अर्धी आणि दोन्ही बाजूंनी सारखी लाट फूरियेच्या पद्धतीने उकलली तर तिच्यात मूळ वारंवारतेच्या फक्त विषम पटी सापडतात: एक, तीन, पाच, सात. सम पटी नाहीत. ५१ टक्के झालं की दुसरी पट डोकं वर काढते. पाच व्होल्टच्या लाटेत साधारण एक दशांश व्होल्ट, म्हणजे मूळ घटकाच्या तीन टक्के. आता समजा तुम्ही एखाद्या ॲम्प्लिफायरमुळे सिग्नलमध्ये किती भेसळ होते ते मोजता आहात. तीन टक्के दुसरी पट दिसली. तुम्ही ट्रान्झिस्टरला शिव्या घालता, बायस हलवता, दिवस घालवता. भेसळ तुम्हीच ओळीत लिहिलेली होती.

फूरियेचा विषय निघालाच आहे तर चढणीबद्दल आणखी एक. उभ्या रेघेच्या लाटेत विषम पटी कधी संपतच नाहीत. एकविसावी, एकशे एकावी, हळूहळू क्षीण होत जातात पण जातात अनंतापर्यंत. चढण दिली की साधारण एक भागिले पाय गुणिले चढणीचा वेळ, या वारंवारतेच्या पुढे त्या झपाट्याने कोसळतात. दहा नॅनोसेकंदांसाठी ती सीमा सुमारे ३२ मेगाहर्ट्झ. म्हणजे एक मेगाहर्ट्झची लाट म्हणून जी लिहिली, तिच्यासाठी बोर्डवरच्या तारांचा विचार तीस-बत्तीस मेगाहर्ट्झपर्यंत करायला हवा. आणि एक पिकोसेकंदाची चढण लिहिणारा माणूस तीनशे गिगाहर्ट्झच्या पुढचं जग सर्किटात ओतत असतो, ज्यासाठी त्याने लिहिलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरना काहीही अर्थ उरलेला नसतो.

प्रोग्रॅमच्या बाजूनेही या ओळीची एक सोय आहे. स्पाइस वेळेत उड्या मारत पुढे जातं. शांत भागात लांब उडी, धावपळीच्या भागात आखूड. पल्सच्या ओळीत कोपरे नेमके कधी येणार हे आधीच लिहिलेलं असल्याने ते तिथे हटकून थांबतं, कोपरा ओलांडून जात नाही. साइन लाटेला असे कोपरे नाहीत, आणि तिथे गोची होते. जुन्या स्पाइसचा शिरस्ता असा की वेगळं काही सांगितलं नाही तर मोठ्यात मोठी उडी म्हणजे एकूण वेळेचा पन्नासावा भाग. एक सेकंदाचं सिम्युलेशन असेल तर वीस मिलिसेकंद. आपल्या घरातल्या विजेचं एक आवर्तन नेमकं वीस मिलिसेकंदांचं! नुसते रेझिस्टर असलेल्या सर्किटात, जिथे प्रोग्रॅमला आखडतं पाऊल घ्यायला दुसरं कारणच नसतं, तिथे पन्नास हर्ट्झच्या साइन लाटेचं जे काही होतं ते कडबोळ्यासारखं दिसतं. कमाल उडी स्वतः लिहून द्यायची, आवर्तनाच्या शंभराव्या भागाएवढी, की प्रश्न मिटला.

साइनच्या ओळीतही खऱ्या-खोट्याचा एक धडा आहे, पण तो पल्सइतका आखीव नाही. आपण २३० व्होल्ट म्हणतो ते आरएमएस. ओळीत शिखराची उंची द्यायची असते, म्हणजे ३२५. हे चुकणारे पहिल्या महिन्यात सुधारतात. पुढची पायरी चढणारे कमी. एखाद्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून घरच्या विजेची लाट स्कोपवर पाहा (थेट सॉकेटमध्ये प्रोब घालू नका, स्कोप आणि तुम्ही दोघेही जाल). तिचा माथा गोल नसतो, चपटा असतो, कुणी वरून तळहाताने दाबल्यासारखा. टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे, यांतल्या बहुतेकांच्या दारात रेक्टिफायर आणि त्यामागे कपॅसिटर असतो, आणि तो कपॅसिटर लाटेच्या शिखराजवळच पाणी भरून घेतो. सगळी वस्ती एकाच वेळी नळाला लागल्यावर दाब पडणारच. हे सिम्युलेशनमध्ये आणायला काही मोठं करावं लागत नाही. ३२५ व्होल्टच्या पन्नास हर्ट्झच्या उगमाला मालिकेत दहा व्होल्टचा दीडशे हर्ट्झचा उगम जोडायचा. पहिली लाट माथ्यावर असते तेव्हा दुसरी बरोबर तळाला असते. शिखर ३१५ वर येतं आणि माथा चपटा होतो. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर किती डीसी जमेल याचं उत्तर तेवढ्याने दहा व्होल्टनी बदलतं.

आणि तिसरी बहीण, पीडब्ल्यूएल. हिच्यात वेळ आणि व्होल्टेज यांच्या जोड्या लिहीत जायचं. प्रोग्रॅम ठिपके सरळ रेषांनी जोडतो. लहान मुलांच्या चित्रकोड्यासारखं. मूळ बर्कलेच्या स्पाइसमध्ये हे चित्र एकदाच काढलं जाई. एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस यांनी पुढे ते पुन्हा पुन्हा गिरवायची सोय केली. ईसीजीच्या ॲम्प्लिफायरसाठी हृदयाचा ठोका असाच लिहितात. मिनिटाला ७२ ठोके धरले तर आवर्तन ०.८३ सेकंदांचं, आधी पी लाटेचा लहानसा उंचवटा, मग क्यूआरएसचं टोकदार शिखर साधारण एक मिलिव्होल्टचं, मग टी लाटेची ढब्बू टेकडी, मग शांतता. डझनभर जोड्यांत काम होतं. शेवटचा ठिपका पहिल्याच्या उंचीवर आणून सोडायचा, नाहीतर दर ठोक्याला एक खोटी उडी दिसते आणि रोग्याला नसलेला आजार जडतो. ज्यांना खराच ठोका हवा त्यांच्यासाठी एमआयटी आणि बेथ इस्राएल रुग्णालयाचा १९८० सालापासूनचा संग्रह खुला आहे: ४८ नोंदी, प्रत्येक अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० ठिपके. ते ठिपके फाइलमधून थेट या ओळीला पाजता येतात.

पण ठोका कितीही हुबेहूब असला तरी ईसीजीचं इनपुट खरं होतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. त्वचेला चिकटवलेले इलेक्ट्रोड स्वतःचा डीसी व्होल्टेज घेऊन येतात, आणि ॲम्प्लिफायरने तीनशे मिलिव्होल्टपर्यंत तो सोसायला हवा अशी अपेक्षा असते. ठोक्याच्या तीनशे पट. शिवाय अंगावर चढलेली पन्नास हर्ट्झची भुणभुण. हे दोन उगम मालिकेत जोडले नाहीत तर सिम्युलेशनमध्ये कुठलाही ॲम्प्लिफायर पास होतो. हजार पट गेन लावा, एक मिलिव्होल्टचा एक व्होल्ट, वाहवा. तीनशे मिलिव्होल्ट घातले की तोच ॲम्प्लिफायर छताला डोकं आपटून गप्प पडतो. खरेपणा सिग्नलच्या नक्षीपेक्षा नको असलेल्या पाहुण्यांत जास्त असतो, हे मी पल्सच्या ओळीकडून शिकलो होतो. तिथे नको असलेला पाहुणा फक्त दहा नॅनोसेकंदांचा होता.

परत त्या ओळीकडे, कारण तिच्यात काय नाही हेही बघायला हवं. रसग्रहणात कवीच्या मर्यादा लिहिल्या तर आमच्या बाईंना आवडत नसे, पण इथे बाई नाहीत.

कोपरे. समलंब चौकोनाला चार कोपरे असतात आणि खऱ्या लाटेला एकही नसतो. चढण सुरू होताना आणि संपताना ती वळते, मोडत नाही. शिवाय या उगमाला अंतर्गत रोध नाही; तो हवा तेवढा करंट कण्हत-कुथत न बसता देतो, म्हणून तर पन्नास अँपियरचं नाटक घडलं. लॅबमधल्या फंक्शन जनरेटरच्या पोटात ५० ओहम असतात. (त्याच्या पडद्यावरचा आकडाही बहुधा समोर ५० ओहमचा लोड आहे असं धरून असतो, लोड नसेल तर दुप्पट व्होल्टेज येतं. यावर किती ब्रेडबोर्डांचे बळी गेले असतील!) उपाय दोन ओळींचा: उगमानंतर ५० ओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडला शंभर पिकोफॅराडचा कपॅसिटर. दोघांची मिळून दहा-नव्वदची चढण अकरा नॅनोसेकंद. आपल्या आठ नॅनोसेकंदांत ती मिसळते ती साध्या बेरजेने नव्हे, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने, म्हणजे साडेतेरा. कोपरे गोलावतात, करंटला लगाम बसतो. मूळ ओळीत आपली चढण मग थोडी आखूड लिहून एकूण बेरीज जुळवता येते. हे जुळवत बसण्यात एक वेळखाऊ आनंद आहे, तो मी नाकारणार नाही.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. या लाटेचं प्रत्येक आवर्तन आधीच्याची हुबेहूब नक्कल असतं. हजारावी चढण पहिल्या चढणीसारखीच, ठरल्या क्षणी. खऱ्या घड्याळाची चढण कधी किंचित आधी येते, कधी किंचित उशिरा. त्याला जिटर म्हणतात, आणि वेगवान सर्किटात खरी डोकेदुखी तीच. पल्सच्या सात आकड्यांत तिला जागा नाही. ती हवी तर पीडब्ल्यूएलची लांबलचक यादी दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तयार करून घ्यावी लागते. गवयाने प्रत्येक आवर्तनात समेवर येण्याची जागा केसभर हलवावी, ती लज्जत या ओळीत नाही. मेट्रोनोम आहे हा.

उलट बाजूने, लाट पहिल्या क्षणापासून आवर्ती असली तरी सर्किटाचं उत्तर आवर्ती व्हायला वेळ लागतो. दहा मायक्रोफॅराडचा कपलिंग कपॅसिटर आणि पुढे शंभर किलोओहम असतील तर काळाचा स्थिरांक एक सेकंद. आपली लाट शून्य ते पाच, सरासरी अडीच. तो अडीच व्होल्टचा डीसी निघून जायला चार-पाच सेकंद लागणार, आणि लाट सेकंदाला दहा लाख वेळा वरखाली होते. म्हणजे पन्नास लाख आवर्तनं नुसती नमनाला घडाभर तेल. पहिली दहा आवर्तनं बघून 'सर्किट वर सरकतंय' असा अहवाल देणारे मी पाहिले आहेत. यावर साधी युक्ती आहे. तळ ० आणि माथा ५ लिहिण्याऐवजी उणे २.५ आणि अधिक २.५ लिहायचं, अडीच व्होल्टचा वेगळा डीसी उगम मालिकेत जोडायचा, आणि सुरुवात शून्यावरून व्हावी म्हणून पहिला पाव भाग पीडब्ल्यूएलने हाताळायचा. किंवा कपॅसिटरची सुरुवातीची स्थिती सांगून द्यायची. ओळीच्या सौंदर्याला त्याने थोडी बाधा येते, पण दुपार वाचते.

एवढं सगळं होऊनही माझं मत आहे की स्पाइसच्या सगळ्या उगमांत पल्स हीच ओळ श्रेष्ठ. साइन निसर्गाचं आदर्श रूप सांगते, पीडब्ल्यूएल काहीही सांगू शकते, म्हणून तिचं स्वतःचं असं काही नाही. पल्स लिहिताना मात्र लिहिणाऱ्याला दोन जागा भराव्याच लागतात जिथे त्याने प्रत्यक्षात काय मोजलं ते उघडं पडतं. कुणाचीही फाइल माझ्याकडे तपासायला आली की मी आधी त्या दोन जागा बघतो. तिथे १०एन, ३.२एन, १८एन असं काही ओबडधोबड दिसलं तर पुढचं वाचायला उत्साह येतो.

तुमच्याकडेही एखादी जुनी फाइल पडलेली असेल. उघडा आणि चौथा-पाचवा आकडा बघा. शून्य असेल तर स्कोप लावून खरी चढण मोजा, तिला सव्वापट करा, आणि तो आकडा तिथे लिहून सर्किट पुन्हा चालवा.